खोलीतलं फूल, फोकसची खोली

जास्वंदीचं फूल समोरून पाहिलं तर सपाट वाटतं. पाच पाकळ्या आणि मधोमध गडद लाल गाभा. कडेनं पाहिलं की त्याची खरी घडण कळते. गाभ्यातून निघालेला दांडा पाकळ्यांच्या पुढे बोटभर आलेला असतो. त्याच्यावर पिवळ्या परागांचे कण असतात आणि अगदी टोकाला पाच लाल, मखमली ठिपके.

एका सकाळी गॅलरीतल्या कुंडीतलं असं एक फूल मी तांब्यात ठेवलं, तांब्या खिडकीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून समोरून फोटो काढला. पाच ठिपके इतके स्पष्ट आले की त्यांची लव मोजता यावी. पाकळ्या मात्र लाल धुरासारख्या विरून गेल्या. मग पाकळीवर फोकस धरून दुसरा फोटो काढला. आता पाकळीची शीर न् शीर दिसत होती आणि दांड्याच्या जागी पिवळसर डाग तरंगत होता. फूल तेच, प्रकाश तोच. फोकस फक्त बोटभर मागे गेला होता आणि दोन फोटोंत दोन वेगळी फुलं आली होती.

मराठीत 'खोली' म्हणजे राहायची जागा आणि 'खोली' म्हणजे एखादी गोष्ट किती खोल आहे त्याचं मापही. घरात फुलांचे फोटो काढताना हे दोन्ही अर्थ लागतात. खोलीतला प्रकाश ओळखावा लागतो आणि फोटोतली स्पष्टता किती खोलवर जाते तेही कळावं लागतं. त्यावर जुन्या छायाचित्रांसारखे रंग चढवायचे असतील, तर ते रंग मुळात कुठून आले हेही माहीत हवं. धूसरपणा आणि जुनेपणा या दोन्ही गोष्टी काहीतरी वगळून मिळतात. म्हणून काय वगळायचं याच्या आधी काय ठेवायचं हे ठरलेलं असावं लागतं.

खिडकी हाच दिवा

घरातला सर्वांत चांगला दिवा म्हणजे खिडकी. प्रकाशाचा उगम वस्तूच्या मानानं जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ पडतात. चार फुटांची खिडकी तीन इंचांच्या फुलाच्या मानानं प्रचंड मोठी असते. त्यामुळे तिच्यातून येणारा आकाशाचा प्रकाश पाकळीला गोलाई देतो, तिच्यावर काळी रेघ ओढत नाही. थेट ऊन येत असेल तर मात्र सूर्य हाच उगम ठरतो. तो आकाशात अगदी छोटा दिसतो, म्हणून उन्हाच्या सावल्या धारदार असतात. अशा वेळी खिडकीवर जुनं पांढरं धोतर किंवा मलमलीचा तुकडा लावला की खिडकी पुन्हा मोठा, मऊ दिवा होते.

उत्तरेच्या खिडकीला चित्रकारांच्या स्टुडिओत मान असतो, कारण तिथे ऊन फारसं शिरत नाही. महाराष्ट्र मात्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे जातो आणि त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावतं. पावसाळी ढग भरून आले की हा प्रश्न उरत नाही. फुलांचे फोटो काढायला आषाढ-श्रावणातली ढगाळ सकाळ फार चांगली.

फूल खिडकीच्या रेषेत न ठेवता तिच्या बाजूला ठेवावं, म्हणजे प्रकाश पाकळीवरून तिरका सरकतो आणि शिरा उठून दिसतात. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की काळोख थोडा उजळतो. फूल खिडकीपासून हातभर अंतरावर असेल आणि मागची भिंत खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तर पार्श्वभूमी आपोआप गडद होते, कारण खिडकीचा प्रकाश खोलीत आत जाताना झपाट्यानं कमी होतो. काळ्या पडद्याची गरज लागत नाही.

दोन साध्या गोष्टी हमखास विसरतात. ट्यूबलाइट बंद करावी. दिव्याचा आणि आकाशाचा रंग वेगळा असतो. दोन्ही एकत्र आले की पाकळीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या छटा दिसतात आणि नंतर एडिटिंगमध्ये एक सुधारली की दुसरी बिघडते. दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. आपल्याला वारा जाणवतही नाही, पण मोगऱ्याचं देठ हलत असतं.

साडेपाच मिलिमीटरचा हिशेब

लेन्सवर जो एफ-आकडा असतो तो खरं तर एक भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानं भागलं की तो आकडा येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर रुंद छिद्र. त्याच लेन्सवर एफ ८ म्हणजे फक्त सव्वासहा मिलिमीटर. आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. भागाकार लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही.

छिद्र मोठं असलं की फुलाच्या प्रत्येक बिंदूकडून येणारा प्रकाशाचा शंकूही रुंद असतो. फोकसच्या नेमक्या प्रतलावरचे शंकू सेन्सरवर टोकदार बिंदूत मिळतात. त्याच्या पुढचे-मागचे शंकू बिंदूत न मिळता छोट्या चकत्या तयार करतात. चकती डोळ्याला बिंदूच वाटावी इतकी लहान असते, तिथवरचा भाग आपल्याला स्पष्ट दिसतो. या पट्ट्याच्या जाडीला फोकसची खोली म्हणतात.

आता आकडे पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि फूल सुमारे ४५ सेंटिमीटरवर. एफ १.८ ला स्पष्टतेचा हा पट्टा साधारण साडेपाच मिलिमीटर जाड असतो. एफ ४ ला तो सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि एफ ८ ला अडीच सेंटिमीटरच्या. तेच फूल एक मीटरवर नेलं, तर एफ १.८ लाच जवळजवळ चार सेंटिमीटर मिळतात. म्हणजे छिद्राइतकंच अंतरालाही महत्त्व आहे. जितकं जवळ जावं तितका पट्टा पातळ होतो. जास्वंदीचा दांडा आणि पाकळ्या एकाच वेळी का आल्या नाहीत, याचं उत्तर या साडेपाच मिलिमीटरमध्ये आहे.

हा पट्टा कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर असतो. काचेचं एक पातळ तावदान फुलातून उभं आरपार गेलंय अशी कल्पना करा. जे त्या तावदानावर येईल तेच स्पष्ट होईल. मग फूल थोडं वळवून बघता येतं. शेवंती कडेनं धरली तर पाकळ्यांची एक अख्खी रांग तावदानावर बसते. जास्वंद कडेनं धरली तर तिचा पूर्ण दांडा, पराग आणि पाच ठिपके एकाच प्रतलात येतात आणि मागच्या पाकळ्या विरतात. छिद्र तेच ठेवून, केवळ फुलाचा कोन बदलून, फोटोतला स्पष्ट भाग दुपटी-तिपटीनं वाढवता येतो.

इतक्या पातळ पट्ट्यात श्वासानंही फोकस सुटतो. शरीर नकळत सेंटिमीटरभर पुढे-मागे झुलत असतं आणि इथे आपल्याला निम्म्या सेंटिमीटरची चैन नाही. ट्रायपॉड असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कोपरं टेबलावर टेकवावीत, ऑटोफोकसचा एकच बिंदू निवडून तो थेट हव्या त्या जागी न्यावा, आणि चार-पाच फोटो सलग काढावेत. मधल्या बिंदूनं फोकस धरून मग चौकट सरकवायची सवय इथे घात करते, कारण कॅमेरा वळवला की तावदानही वळतं.

मोबाइलचा हिशेब निराळा आहे. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यावरही एफ १.८ लिहिलेलं असतं, पण लेन्सचं नाभीय अंतर सहा-सात मिलिमीटरच असल्यामुळे प्रत्यक्ष छिद्र तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि मागचा भाग फारसा विरत नाही. म्हणून २०१६ च्या आयफोन ७ प्लसपासून पोर्ट्रेट मोडची चाल सुरू झाली. फोन अंतराचा अंदाज बांधतो आणि मागचा भाग गणितानं धूसर करतो. माणसाच्या चेहऱ्याला हे बरं जमतं. फुलाचे केसर, तगरीच्या पाकळ्यांमधल्या फटी, गवताचं पातं इथे हा अंदाज चुकतो आणि कडा कातरल्यासारख्या दिसतात. फुलांसाठी पोर्ट्रेट मोड बंद करून मुख्य कॅमेरा फोकस धरेल तितका जवळ न्यावा. जवळ गेल्यानं जो खरा धूसरपणा मिळतो तो कमी असला तरी प्रामाणिक असतो.

धूसर भागालाही रूप असतं

फोकसबाहेरचा भाग कसा दिसतो याला जपानी भाषेत 'बोके' म्हणतात. इंग्रजी वाचकांनी हा शब्द नीट उच्चारावा म्हणून माइक जॉन्स्टन या संपादकानं १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' मासिकात त्याच्या शेवटी एच जोडला आणि तोच शब्द जगभर रूढ झाला. लेन्स विकत घेताना लोक ती किती स्पष्ट दाखवते ते विचारतात. फुलांच्या फोटोत चौकटीचा मोठा भाग धूसरच असतो, तेव्हा ती किती सुंदर धूसर करते हेही विचारायला हवं.

याची सुरुवात फार जुनी आहे. जोसेफ पेट्झवल या गणितज्ञानं १८४० मध्ये माणसांच्या छायाचित्रांसाठी एफ ३.६ ची लेन्स गणितानं रचली. त्या काळात ती विलक्षण जलद होती. तिच्यात चौकटीचा मध्य स्पष्ट असे आणि कडा भोवऱ्यासारख्या फिरत विरत जात. तो लेन्सचा दोष होता, पण पाहणाऱ्याचा डोळा मध्यावर खिळवून ठेवायला तो उपयोगी पडला. पुढे सोव्हिएत संघात झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या धर्तीवर बनलेल्या हेलिओस ४४-२ या ५८ मिलिमीटर, एफ २ लेन्समध्येही तसाच भोवरा दिसतो. ती लाखोंच्या संख्येनं बनली. आज साध्या अडॅप्टरनं ती मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. जुन्या लेन्सच्या काचांवर आजच्याइतके अनेक पदरी लेप नसतात. त्यामुळे खिडकीचा प्रकाश आत विखुरतो आणि काळे रंग थोडे फिके पडतात. जुनेपणाचा निम्मा परिणाम फोटो काढतानाच मिळतो. अशी लेन्स घेताना टॉर्च लावून आतून नीट पाहावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते.

जुन्या छायाचित्रांत पातळ फोकस का दिसतो, याचंही कारण आहे. तेव्हाच्या काचेच्या मोठ्या प्लेटांना लांब नाभीय अंतराच्या लेन्स लागत आणि फोटोसाठी कितीतरी सेकंद थांबावं लागू नये म्हणून छिद्र मोठं ठेवावं लागे. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमरून यांनी इंग्लंडमध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतला. फोकसच्या सैलपणाबद्दल त्यांच्यावर टीका झाली. चित्र डोळ्याला सुंदर दिसलं की त्या तिथेच थांबत, स्क्रू आणखी फिरवत नसत. आज त्यांचा तो सैल फोकस शिकवला जातो.

खिडकीतल्या फुलाचा धडा मात्र प्राग शहरातल्या योसेफ सुदेक यांच्याकडून घ्यावा. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. उरलेल्या एका हातानं ते वजनदार कॅमेरे हाताळत राहिले आणि १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिले. १९५६ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात ओघळलेल्या तावदानासमोर पाण्याच्या ग्लासात गुलाब आहे. खिडकी, ग्लास, फूल. एवढी सामग्री एका आयुष्याला पुरली.

लाल जळतो, पांढरा मळतो

जास्वंद आणि गुलाब यांच्या फोटोत पाकळ्यांच्या जागी सपाट लाल ठोकळा येतो, ही नेहमीची तक्रार. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो. गडद लाल फुलात लाल रंगाची नोंद काठोकाठ भरून वाहते आणि तिच्यातले शिरांचे बारकावे बुडतात. एकूण फोटो नीट दिसत असतो, म्हणून हे लक्षात येत नाही. एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करावं, कॅमेऱ्यात रंगनिहाय हिस्टोग्राम असेल तर त्यातला लाल आलेख पाहावा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं नोंदवलेल्या कच्च्या स्वरूपात ठेवावी.

अनंत, मोगरा, सोनटक्का यांचं उलट होतं. चौकट पांढऱ्या फुलानं भरली की कॅमेरा तिला करडी समजतो आणि फूल मळकट येतं. तिथे एक्स्पोजर थोडं वाढवायचं. पण तेच फूल गडद पार्श्वभूमीवर लहान दिसत असेल, तर कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि पाकळ्या जळतात. तिथे कमी करायचं. एक लक्षात ठेवावं, अनंत पहिल्या दिवशी शुभ्र असतो आणि नंतर हळूहळू साईसारखा पिवळा होत जातो. जुन्या रंगांचा फोटो हवा असेल तर दुसऱ्या दिवशीचा अनंत घ्यावा. निम्मं काम त्यानंच केलेलं असतं.

जुने रंग आले कुठून

जुन्या मराठी घरातला लग्नाचा अल्बम उघडा. कृष्णधवल फोटो बहुतेक शाबूत असतात आणि १९७०-८० च्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले असतात. पैठणीचा हिरवा काठ तपकिरी दिसतो, मांडवाचं आकाश गुलाबी. रंगीत प्रिंटमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात. त्या काळच्या अनेक कागदांत निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडत असे, म्हणून उरलेल्या दोन रंगांची लाली वर येते. पांढऱ्या जागी पिवळेपणा चढतो आणि काळा रंग राखाडी होतो. आपण ज्याला व्हिंटेज म्हणतो ते या झिजेचं चित्र आहे.

सेपिया मात्र झीज नव्हे. कृष्णधवल प्रिंटमधली चांदी रसायनानं सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदलली की रंग तपकिरी होतो आणि प्रिंट जास्त टिकते. म्हणजे तपकिरी रंग टिकण्यासाठी दिला जात असे. त्याआधीचे, १८५० पासूनचे अल्ब्युमेन प्रिंट अंड्याच्या पांढऱ्यावर बनत आणि त्यांचे पांढरे भाग काळानुसार पिवळे पडत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ मध्ये बाजारात आली. तिच्यात बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण काचेवर पसरलेले असत. रंगीत फोटो मिळे, पण प्लेटला प्रकाश फार लागे आणि फोटोसाठी बराच वेळ स्थिर राहावं लागे. म्हणून फुलदाणी हा ऑटोक्रोमचा आवडता विषय झाला. फूल कंटाळत नाही आणि हलतही नाही.

कॉम्प्युटरसमोर

आता एडिटिंग. फोनवर स्नॅपसीड किंवा कॉम्प्युटरवर लाइटरूम, काहीही चालेल. आधी एक काळ निवडावा. अल्ब्युमेन, ऑटोक्रोम आणि १९७५ ची रंगीत प्रिंट यांचं जुनेपण निरनिराळं आहे. सगळी चिन्हं एकाच फोटोवर लादली की फोटो कुठल्याच काळाचा राहत नाही.

समजा, आपल्याला उडालेल्या रंगीत प्रिंटचा भाव हवा आहे. कर्व्हचं, म्हणजे उजेड-काळोखाच्या आलेखाचं, डावं खालचं टोक थोडं वर उचलावं. काळा रंग राखाडीकडे सरकतो, जसा जुन्या कागदावर सरकतो. उजवं वरचं टोक किंचित खाली आणावं, म्हणजे कोरा पांढरा उरत नाही. मग उजळ भागात थोडा पिवळा आणि सावल्यांत थोडा लालसर तपकिरी रंग मिसळावा. रंगांची तीव्रता सरसकट उतरवण्याऐवजी पानांचा हिरवा जास्त उतरवावा आणि फुलाचा कमी, कारण फूल हेच ठेवायचं ठरलंय. शेवटी फिल्मचा दाणा. मोठ्या काचेच्या प्लेटवर दाणा जवळजवळ दिसत नसे, तो लहान फिल्म मोठी करून छापली की दिसे. म्हणून अल्ब्युमेनच्या रंगावर जाड दाणा टाकला तर जाणकाराला खटकतो. चौकटीच्या कडा थोड्या काळवंडाव्यात, कारण पूर्ण उघडलेल्या लेन्समध्ये कडांना प्रकाश कमी पोचतोच.

प्रत्येक पट्टी सरकवताना फोटोतल्या सर्वांत स्पष्ट जागेकडे पाहत राहा. जास्वंदीच्या त्या फोटोत माझ्यासाठी ती जागा म्हणजे पाच लाल ठिपके. लव दिसेनाशी होऊ लागली की मी पट्टी मागे घेतली. धूसर भाग कितीही मऊ केला तरी चालतो. स्पष्ट जागा मऊ झाली की फोटोत पाहायला काही उरत नाही. फोकस चुकला असेल तर कुठलाही फिल्टर तो परत आणत नाही. जुन्या रंगाखाली चूक लपवता येते असं वाटतं, पण धूसर फोटोवर सेपिया चढवला की तो तपकिरी धूसर फोटो होतो, एवढंच.

अल्बममधल्या प्रिंटचे रंग कुणाला न विचारता उडाले. आपण ते हौसेनं उडवतोय, म्हणून मूळ रॉ फाइल वेगळी जपून ठेवावी आणि तिच्या नावात फुलाचं नाव आणि तारीख घालावी. एक विनंतीही आहे. एडिटिंग फूल समोर असतानाच करा. त्याचा खरा लाल कसा होता आणि आपण त्यातला किती काढून घेतला, हे शेजारी ठेवून ताडता येतं. जास्वंदीचं फूल बहुधा एका दिवसाचंच असतं. सकाळी फोटो काढला असेल, तर संध्याकाळपर्यंत तेवढी सवड मिळते.